धुक्यातले सांधे

नदीवरच्या धुक्याचे, अनेक डिजिटल छायाचित्रे जोडून केलेले रुंद चित्र पाहताना मी आधी सांधे शोधतो. जोडणी करताना संगणक शेजारच्या दोन छायाचित्रांतल्या समान खुणा जुळवतो: खडकाची कड, झाडाची फांदी. धुक्यात अशा खुणा विरळ. शिवाय दोन टिपणांच्या मधल्या वेळात ते सरकलेले असते. म्हणजे चित्रातली सलग सकाळ कुणीच पाहिलेली नसते. चिनी छायाचित्रकार लांग जिंगशान (१८९२–१९९५) यांनीही अनेक निगेटिव्हांतून धुकट डोंगर-नद्या रचल्या. पण या पद्धतीला त्यांनी उघडपणे संकलित छायाचित्रण म्हटले. तेवढा उघडेपणा आजही हवा. किती छायाचित्रे, किती वेळात घेतली, हे चित्राखाली लिहावे. त्याने धुके विरत नाही.