गोरोबांचे हात आणि अजातशत्रूची कबुली

धाराशिव जिल्ह्यातील तेरचे संत गोरोबा यांनी हात तोडून स्वतःस शिक्षा केली, असे आख्यायिका सांगते. परंतु ती चिखलात तुडवल्या गेलेल्या बालकाबद्दल नव्हे, झोपेत मोडलेल्या विठ्ठलाच्या शपथेबद्दल होती. शेवटी हात व बालक दोन्ही परत मिळतात. हानीचा प्रश्नच मिटतो. ही कथा विनयाच्या कसोटीवर तपासली पाहिजे. पहिला संघादिसेस नियम स्वप्नातील कृतीस दोष मानीत नाही. सामञ्ञफलसुत्तात अजातशत्रू पितृवधाची कबुली देतो; भगवान बुद्ध देहदंड मागत नाहीत. दोष दोष म्हणून पाहून पुढे संयम राखणे, यालाच ते आर्यविनयातील वृद्धी म्हणतात. तरीही बिंबिसार परत येत नाही, आणि या कृत्यामुळे अजातशत्रू त्या आसनावर धम्मचक्षूला मुकला, हे सुत्त लपवीत नाही.