माहिती सांगणारे आणि इतिहास लिहिणारे

स्थानिक इतिहासाच्या संशोधनात आणि जतनात लोकांचा सहभाग हवा, असे हल्ली वारंवार बोलले जाते. वर्धा जिल्ह्यापुरता तरी या सहभागाचा अर्थ तपासून घेतला पाहिजे. दलित समाज या जिल्ह्याच्या इतिहासलेखनात कधी नव्हताच, असे नाही. तो होता, पण माहिती सांगणारा म्हणून होता. कोणते प्रश्न विचारायचे, काय टिपायचे आणि काय गाळायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती नव्हता. सहभागाचा प्रश्न मुळात या अधिकाराचा प्रश्न आहे.

1862 साली नागपुरातून वेगळा काढलेल्या या जिल्ह्याचे गॅझेटियर आर. व्ही. रसेल यांनी 1906 मध्ये संपादित केले. त्यात प्रमुख घराणी नावानिशी येतात. अस्पृश्य माणसे येतात ती जात म्हणून, धंदा आणि चालीरीती यांच्या वर्णनात. मालगुजाराला नाव असते, महाराला केवळ लक्षणे असतात. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या चार खंडांतही हीच दृष्टी आहे. पुढे राज्य शासनाने नवे गॅझेटियर काढले, पण चौकट प्रशासनाचीच राहिली. हे ग्रंथ फेकून द्यावेत असे मी म्हणत नाही. ते उलटे वाचावेत असे म्हणतो. या मुलखातले महार जाडेभरडे कापड विणत, ही नोंद त्याच साहित्यात आहे. पुढे गांधींचे वास्तव्य वर्ध्यात झाले आणि 1938 साली त्यांच्याच हस्ते येथे मगन संग्रहालय उघडले. खादीचा आणि ग्रामोद्योगांचा इतिहास सांगताना आपण चरख्यापासून सुरुवात करतो. त्याआधी ज्यांच्या घरात माग होता, त्यांचे माग केव्हा आणि का बंद पडले, हा प्रश्न कोणी विचारायचा?

असे प्रश्न या जिल्ह्यात पावलोपावली आहेत. जमनालाल बजाज यांनी जुलै 1928 मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. ही घटना आजवर दार उघडणाऱ्याच्या बाजूने सांगितली गेली. पण दारातून आत गेले ते कोण होते? कोणत्या वस्तीतून आले? जे गेले नाहीत, ते भीतीने गेले नाहीत की स्वाभिमानाने? तीच गोष्ट सेवाग्रामची. ऑक्टोबर 1935 मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर सहा-सात महिन्यांत गांधी शेगावला राहायला आले. याच गावाचे नाव 1940 मध्ये सेवाग्राम झाले. 31 मे 1936 रोजी मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेब मुक्तीचा मार्ग सांगत होते. त्या उन्हाळ्यात शेगावच्या महारवाड्यात काय बोलणे चालले होते? आश्रमातल्या कुट्या जपल्या गेल्या, हे चांगलेच झाले. पण ते बोलणे जपण्यासाठी कोणती कुटी बांधली गेली?

पवनार येथे 1967 साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले आणि दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे थर मोकळे केले. विद्वत्तेने ते काम केले, त्याचा आदरच आहे. परंतु वाकाटकांचे खापर हजार वर्षे मातीत थांबते, माणसाची आठवण थांबत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षेसाठी गेलेली पंधरा वर्षांची मुले आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. ती मुले कोणत्या गावातून निघाली, पायी की रेल्वेने, सोबत काय शिदोरी होती, आणि परत आल्यावर घरातले देव कोणी नदीत सोडले, हे त्यांच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही.

आपल्याकडे कागद नाहीत, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. गावच्या जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर पोहोचवणारा कोतवाल बहुधा महार असे. ती वही आजही कोतवाल बुक म्हणूनच ओळखली जाते. मात्र तिच्यातून त्याचे स्वतःचे आयुष्य कळत नाही. जात पडताळणीसाठी आपले विद्यार्थी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधत तहसिलीत आणि जुन्या शाळांत फिरतात. आजोबांचा दाखल-खारीजचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, बंदोबस्ताच्या मिसलीतले नाव, असे सगळे गोळा होते. प्रमाणपत्र मिळाले की फाईल पुन्हा ट्रंकेत जाते. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. आपण कोण आहोत हे सिद्ध करण्यासाठीच आमच्या घरात प्रथम कागद शोधला गेला. वर्गातल्या चाळीस मुलांच्या फायली शेजारी शेजारी ठेवल्या, तर कोणत्या गावात कोणत्या साली पहिले मूल शाळेत गेले, ते केव्हा आणि का गळाले, याचा इतिहास उभा राहील. राज्याला दाखवण्यासाठी जमवलेला पुरावा स्वतःला समजून घेण्यासाठी वापरणे, हीच सहभागाची पहिली संधी आहे.

हे अशक्य नाही, याचे दाखले आपल्यासमोर आहेत. चां. भ. खैरमोडे यांनी बाबासाहेबांचे चरित्र खंडाखंडाने उभे केले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ 1989 मध्ये दिला. वसंत मून यांनी 'वस्ती'त नागपूरच्या एका मोहल्ल्याला इतिहासाची प्रतिष्ठा दिली. या तिन्ही कामांत प्रश्न विचारणारा माणूस वस्तीतला होता.

आपल्यालाही काही पथ्ये पाळावी लागतील. आठवण म्हणजे सत्य नव्हे. ती दुसऱ्या आठवणीशी आणि कागदाशी ताडून पाहिली पाहिजे. जयंतीच्या स्मरणिकेतला गौरव म्हणजेही इतिहास नव्हे. केवळ बौद्धांची कहाणी लिहून मांग, चांभार आणि गोंड यांना आपण पुन्हा परिशिष्टात ढकलले, तर गॅझेटियरचाच दोष आपल्या माथी येईल. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत राबलेल्या, रात्री विहारात गाणी रचणाऱ्या बायांना वगळले तरीही तेच होईल.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वर्गांत क्षेत्र-प्रकल्प आणले आहेत. ते गुणांपुरते उरकायचे की या कामाला जोडायचे, हे आपण शिक्षकांनी ठरवायचे आहे. प्रत्येक मुलाखतीची एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी आणि एक गावच्या विहारात राहावी. महाविद्यालयाच्या कपाटाचा क्रम त्यानंतर. सांगणाऱ्याचे नाव छापायचे की नाही, हे त्याच्या संमतीने ठरावे. ज्याने आयुष्य सांगितले त्याला लिहिलेले वाचून दाखवावे आणि तो चूक म्हणाला तर त्याचे म्हणणेही नोंदवावे. इतके झाले, तर माहिती सांगणारा आणि इतिहास लिहिणारा यांच्यामधली भिंत या जिल्ह्यात तरी खचू लागेल.