‘अधांतर’ची जमीन

जयंत पवारांचं ‘अधांतर’ १९९७ साली रंगभूमीवर आलं. या नाटकाबद्दल माझ्या वाचनात जे काही आलं, त्यात संप, बेकारी, वाट चुकलेली मुलं आणि आईची तगमग एवढ्याच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. त्या खऱ्याच आहेत. पण मला वाटतं, हे नाटक जितकं नोकरी गेल्याचं आहे तितकंच जमीन जाण्याचं आहे, आणि ते आपण नीट वाचलेलंच नाही.

एक खोली, तीन मुलगे, एक मुलगी, आई. सगळं नाटक त्या चाळीतल्या खोलीत घडतं. स्वयंपाक तिथंच, भांडण तिथंच, झोपणंही तिथंच. घर चालवणाऱ्या बाईला ही खोली लगेच कळते. कोण कुठं पाय पसरतो यावरून घरातला मान ठरतो. आता ही खोली उभी आहे कुठं? गिरणगावात. तिच्या आसपास गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा ती जमीन म्हणजे फक्त सुताचा धंदा होता. नाटक आलं तोवर धंदा मेला होता आणि जमीन सोन्याची झाली होती. पात्रांना याची पुरती जाणीव नाही, आणि नाटककारानं ती त्यांच्या तोंडी कोंबली नाही, हे मला फार आवडतं.

पुढचा अंक सरकारी कागदांवर लिहिला गेला. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं तीन वाटे व्हायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. ऐकायला किती सरळ! २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटे सगळ्या जमिनीचे नाहीत, बांधकाम सोडून जी मोकळी राहील तेवढ्याचेच. सासऱ्यांच्या माघारी भाऊ वाटणीला बसावेत आणि थोरल्यानं म्हणावं, घर आणि मळा सोडून उरलेल्या अंगणाचे तीन भाग करू, तसलाच हा प्रकार. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही दुरुस्ती वैध ठरवली.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं. “लोकसंख्या किती वाढली बघा, माणसं राहणार कुठं? टॉवर तर होणारच.” आमच्या बेळगावात शेतात लेआउट पडतात तेव्हाही हेच ऐकू येतं. पण जनगणना काय सांगते? २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या बेटाची, लोकसंख्या ३३ लाखांच्या वर होती. २०११ मध्ये ती ३१ लाखांच्या आत आली. इमारती चढत होत्या आणि माणसं कमी होत होती! त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. गर्दी वाढली हे खरंच, पण ती वाढली लोकलच्या शेवटच्या स्टेशनांकडे.

आमच्या परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा घालायच्या वस्तूंमध्ये क्षेत्र आणि वास्तू, शेत आणि घर, सोन्याच्याही आधी येतात. का, ते या आकड्यांवरून मला थोडं समजलं.

मराठी साहित्यानं शहराची दाटी पुष्कळ लिहिली. ‘बटाट्याची चाळ’मध्ये ती हसवते, जयवंत दळवींच्या ‘चक्र’मध्ये आणि मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’त अंगावर येते. पण सातबारा, चटईक्षेत्र, आरक्षण असले रुक्ष शब्द आपल्या कथा-कादंबऱ्यांत फारसे शिरत नाहीत. लेखक म्हणतात, हा पत्रकारितेचा विषय. मला हे पटत नाही. ज्या शब्दांनी माणूस लालबागमधून उचलून शेलू-वांगणीला टाकला जातो, ते शब्द कादंबरीला वर्ज्य कसे?

‘अधांतर’वरून २०१० साली महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ काढला. त्यात गिरणीचे मालक आणि जमिनीचे व्यवहार उघड दिसतात, हे चांगलं. पण मला नाटकच मोठं वाटतं. सिनेमात खलनायक सापडला की प्रेक्षक मोकळा होतो. नाटकातल्या खोलीत बोट दाखवायला कोणी नसतं.

एक उणीव मात्र दोन्हींतही मला जाणवते, ती खाणावळवाल्या बाईची. कोकण, सातारा, कोल्हापूर, आमच्या बेळगाव भागातूनही एकटे पुरुष गिरणीत गेले. त्यांना या बायांनी दोन वेळ भाकरी घातली, पगाराच्या दिवसापर्यंत उधारीवर. गिरणी बंद पडली तशी उधारी बुडाली. पुढं कामगारांच्या घरांच्या सोडती निघाल्या तेव्हा अर्जाला गिरणीतल्या नोकरीचा पुरावा लागत होता. तिच्याकडे उधारीची वही होती.