औषधाच्या वेष्टनाची चिकित्सा : औद्योगिक अभिकल्प, रुग्णसुरक्षा आणि रायगडचा किनारा

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने साहित्य, नाटक आणि चित्रकला यांची चिकित्सा सातत्याने केली. नित्य वापरातील वस्तू मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. वस्तू हीदेखील एक संहिताच असते. ती कोणाला उद्देशून घडवली आहे, हे तिच्या रूपावरून वाचता येते. औद्योगिक अभिकल्प, म्हणजेच इंडस्ट्रियल डिझाईन, ही ज्ञानशाखा आपल्याला परकी नाही. पवईच्या आयआयटीमध्ये इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरची स्थापना १९६९ मध्येच झाली. प्रस्तुत लेखात गोळ्यांची स्ट्रिप या साध्या वस्तूची रुग्णसुरक्षेच्या अंगाने समीक्षा केली आहे.

रुग्णसुरक्षेची भूमिका

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये ‘टू एर इज ह्यूमन’ हा अहवाल मांडला. तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत, असा त्याचा अंदाज होता. अहवालाचा खरा आग्रह, दोष व्यक्तीत न शोधता व्यवस्थेत शोधावा, असा होता. व्यवस्थेत वस्तूचाही समावेश होतो, म्हणूनच येथे अभिकल्पकाराची जबाबदारी सुरू होते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे ‘क्लिअरआरएक्स’ ही औषधाची बाटली. डेबोरा ॲडलर यांच्या आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या. दोघांच्या बाटल्या दिसायला सारख्याच होत्या. त्यातून ॲडलर यांनी नवी मांडणी केली आणि क्लाऊस रोझबर्ग या औद्योगिक अभिकल्पकाराच्या साहाय्याने ती बाटली सिद्ध झाली. सपाट दर्शनी भाग, ठळक अक्षरांत औषधाचे नाव आणि कुटुंबातील प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचे कडे, ही तिची वैशिष्ट्ये होत. ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने २००५ मध्ये ती स्वीकारली. पुढे या साखळीचा औषधविभाग ‘सीव्हीएस’ कंपनीकडे गेला आणि बाटली बंद झाली. जी सुरक्षा एका कंपनीच्या मर्जीवर उभी असते, ती त्या मर्जीबरोबरच संपते, असा याचा अर्थ आहे.

स्ट्रिपचे वाचन

ही बाटली जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही. तेथे औषध विक्रेता गोळ्या मोजून बाटलीत भरतो आणि तीवर रुग्णाचे नाव लावतो. आपल्याकडे कारखान्यातील स्ट्रिपच थेट घरात येते. तिच्यावरचा मजकूर मुख्यतः इंग्रजीत, बारीक टाइपात असतो. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मात्याचा पत्ता हा तपशील निरीक्षक व विक्रेता यांच्यासाठी आहे. गोळी गिळणारा माणूस तिचा अभिप्रेत वाचकच नाही.

पाच गोळ्या हव्या असल्यास विक्रेता कात्रीने स्ट्रिप कापतो, कागदी पाकिटात घालतो आणि वर १-०-१ असे लिहितो. कापलेल्या तुकड्यावर मुदतीची तारीख उरेलच असे नाही. पाकीट हरवले की सूचनाही हरवते. वस्तुतः हे पाकीट म्हणजे अभिकल्पकाराने अपुरे सोडलेले काम विक्रेत्याने आपल्या परीने पुरे करणे होय.

किनाऱ्याचा निकष

मुरूड, श्रीवर्धन, अलिबाग या पट्ट्यातील हवा दमट व खारी असते. अशा हवेत ॲल्युमिनियमचे वेष्टन गोळीला ओलाव्यापासून वाचवते, हा त्याचा निर्विवाद गुण आहे. परंतु तेच अपारदर्शक वेष्टन गोळीचा रंग आणि आकार झाकते. मुलगे मुंबईला आणि वृद्ध आईवडील गावी, अशी असंख्य घरे येथे आहेत. रक्तदाबाची आणि मधुमेहाची स्ट्रिप सारखीच चंदेरी असेल, तर इंग्रजी न वाचणाऱ्या वृद्धेने त्या ओळखायच्या कशा? मधुमेहाची काही औषधे चुकून दोनदा घेतली गेल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. गोळी सुरक्षित आणि रुग्ण असुरक्षित, असा हा अंतर्विरोध आहे.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषधनामांच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक झाला. बनावट औषध ओळखण्यासाठी तो उपयुक्त आहे. तथापि त्याला स्मार्टफोन लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती. उलट, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असे सुचवणारी स्ट्रिपवरची उभी लाल रेघ अक्षर न येणाऱ्यालाही दिसते. तिचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी २०१६ मध्ये केंद्र शासनाला स्वतंत्र मोहीम घ्यावी लागली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. खूण साधी असून भागत नाही. ती शिकवावीही लागते.

याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर उपयोगात आणली. रुग्ण जेथे आहे तेथे जे साधन चालते तेच खरे, हा धडा अभिकल्पकारांनीही घेण्यासारखा आहे.

निष्कर्ष

स्ट्रिपच्या प्रत्येक कप्प्यावर औषधाचे नाव व मुदत असावी, वेळ दर्शवणाऱ्या खुणेसाठी जागा राखावी आणि या बाबी कंपनीच्या इच्छेवर न सोडता नियमांत याव्यात. नवी मांडणी स्वीकारण्यापूर्वी ती शेवटच्या वापरकर्त्याच्या हाती देऊन तपासली पाहिजे. असे परीक्षण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आपली महाविद्यालयेही हाती घेऊ शकतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन स्ट्रिप समोर ठेवून, ‘यातली सकाळची कोणती?’ एवढे घरोघरी विचारले, तरी वस्तूचे गुणदोष समोर येतील. चुकलेल्या रुग्णाला निष्काळजी ठरवण्याआधी त्याच्या हाती काय दिले होते, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.