कनवट नसलेले लुगडे

समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. महाडच्या बाजारपेठेत बँकेच्या खिडकीमागे बसून लोकांच्या सह्या नमुन्याशी जुळतात की नाही, एवढेच ठरवण्याचा मला अधिकार. पण वीस वर्षे हेच केले की माणूस घरच्या आमटीकडेही 'नमुन्याशी जुळते का?' अशाच नजरेने बघू लागतो. त्यामुळे आमच्या भाच्याने परवा मोबाइल माझ्या नाकासमोर धरून "मामा, ही बघ माझी नऊवारी!" असे म्हटले, तेव्हा माझी ही खोड मला नडली.

घाबरू नका, नऊवारी त्याने नेसली नव्हती. बनवली होती. मोबाइलच्या आत म्हणे एक जग असते, त्यात प्रत्येकाची एक बाहुली हिंडते आणि त्या बाहुलीला अवतार म्हणतात. विष्णूला सगळे मिळून दहा अवतार मिळाले. भाच्याकडे सतरा आहेत आणि एकालाही पृथ्वीचा भार हलका करण्याचे काम नाही. त्यांना फक्त कपडे लागतात.

हा धंदा नवा नाही. 'सेकंड लाइफ' नावाचे असे जग 2003 साली उघडले, 'रोब्लॉक्स' 2006 साली. तिथे लोक कपडे बनवतात, विकतात आणि नटतात. सेकंड लाइफमध्ये लिंडेन डॉलर नावाचे वेगळे चलनच चालते. ते आमच्या खिडकीवर चालत नाही, हे मी भाच्याला वेळीच सांगून ठेवले.

आता कलाकृतीकडे वळतो. हिरवीगार नऊवारी, सोनेरी काठ, नथ, चंद्रकोर, अंबाड्यावर गजरा. लग्नाच्या हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडायला उभ्या असतात त्यांतलीच एक. खाली इंग्रजीत लिहिले होते : 'ट्रॅडिशनल महाराष्ट्रीयन वुमन'. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात एवढी एकच बाई! बाई चालू लागली तेव्हा तिचा हात पदराच्या आरपार गेला. मी दचकलो. भाचा शांतपणे म्हणाला, "त्याला क्लिपिंग म्हणतात." नाव असले की दोष उरत नाही, असे या पिढीला वाटते. आमच्या पिढीलाही वाटते. आम्ही त्याला 'तांत्रिक अडचण' म्हणतो.

त्याची बाजूही सांगायला हवी. रोब्लॉक्समधल्या साध्या कपड्यांना दोनच साचे : एक शर्ट, एक पँट. साचा 585 बाय 559 ठिपक्यांचा. त्यात चित्र काढायचे आणि ते बाहुलीच्या अंगाला गुंडाळायचे. म्हणजे नऊवारीचा पदर शर्टात आणि काष्टा पँटीत! याहून बरी रीतही आहे. तीत कापडाचे तुकडे बेतून संगणकावरच शिवतात, मग त्याला घड्या पडतात, झोळ येतो. पण ते सगळे बेतणे आणि शिवणे यांवर उभे. जिला मुळात शिवणच नाही, ती सव्वाआठ मीटरची अखंड नऊवारी तिथे येऊन चमत्कारिक पाहुणी ठरते. 2019 साली मोबाइलच्या चिन्हांत साडी आली, तीसुद्धा नुसतीच. आत बाई नाही.

अशा वेळी तज्ज्ञाचे मत घ्यावे. आमच्या तज्ज्ञ पोलादपूरला राहतात. त्या माझ्या आत्या. वय ऐंशीच्या पुढे, नेसणे नऊवारीच. एसटीने गेलो. आत्याने मोबाइल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि विचारले, "ही न्हेसलीय, का चिकटवलीय?"

इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या दिवाळी अंकातही वाचलेली नाही.

भाच्याचा चेहरा उतरला. आत्या पुढे म्हणाली, "आनि हिची कनवट कुठं हाय? पोरगी पैसं कुठं ठेवनार?" एवढे बोलून तिने स्वतःची कनवट सोडून चार घड्या घातलेली पन्नासची नोट काढली आणि पेढे आणायला त्याच्या हातावर ठेवली. मला नोटांची पारख आहे. कनवटीतली नोट मऊ आणि कोमट असते. खेड्यातल्या बायका खिडकीवर अशा नोटा भरतात, तेव्हा त्या मोजताना मला उगाचच संकोच वाटतो. आत्याच्या लुगड्यात पाकीट होते, पदरात हात पुसायचा टॉवेल होता, करवंदे आणायची पिशवी होती. भाच्याच्या नऊवारीत नुसती शोभा होती.

त्याने बाजू सावरायला एक करामत दाखवली. पडद्यावर एक पट्टी होती. ती सरकवली की नऊवारी घोट्यावरून गुडघ्यावर, पुन्हा घोट्यावर. "आवडेल तशी," तो म्हणाला. आत्या खूश झाली. भाताच्या लावणीला ती चिखलात उतरायची तेव्हा लुगडे असेच गुडघ्यावर खोचायची.

मी मात्र हसलो नाही. मी महाडचा. चवदार तळ्यावरून रोज जातो. 1927च्या डिसेंबरात इथेच परिषद भरली होती, मनुस्मृती जाळली ती. त्या वेळी बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी वेगळे बोलले. तुमच्या लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून तुम्हांला अस्पृश्य म्हणून ओळखतात, ती तऱ्हा सोडा, असे त्यांनी सांगितले. गळ्यांतले आणि हातांतले ते जडशीळ दागिनेही टाकायला सांगितले. बायकांनी ऐकले आणि लुगडी घोट्यापर्यंत आली.

आत्याचा गुडघा कामाचा होता, संध्याकाळी लुगडे खाली यायचे. त्या बायांचा गुडघा दुसऱ्यांनी ठरवलेला होता. तो झाकायला परिषद भरवावी लागली. भाच्याने तेच अंतर एका बोटाने कापले. त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले. तो बराच वेळ पट्टीवरचे बोट न हलवता बसला. मग त्याने ते 'ट्रॅडिशनल महाराष्ट्रीयन वुमन' खोडले आणि आत्याला विचारले, "आजी, तू कशी नेसतेस ते सावकाश दाखवशील?"

दुपारभर तालीम चालली. संध्याकाळपर्यंत बाहुलीला कनवट आली. हात अजून पदरातून आरपार जातो, पण ती तांत्रिक अडचण.

निघताना आत्याने शेवटची शंका काढली. "फाटल्यावर काय करतात हिचं?"

"ती फाटतच नाही, आजी," भाचा अभिमानाने म्हणाला.

"आरं द्येवा," आत्या हळहळली, "मग गोधडी कशाची शिवायची?"