लहरी कोणाच्या?

आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995मध्ये दिला. खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. पण निकालाने माईक हाती येत नाही. स्वयंसेवी संस्थांना केंद्राची मुभा मिळायला नोव्हेंबर 2006 उजाडावे लागले.

तोवर तेलंगणातील जहीराबादजवळच्या दलित स्त्रिया ध्वनिफिती भरून गावोगावच्या संघांत ऐकवत होत्या. 15 ऑक्टोबर 2008 रोजी माचनूरला त्यांचा ‘संघम रेडिओ’ सुरू झाला, उद्घाटनाला न्या. सावंतच आले. बियाणे, औषधी, गाणी, सारे त्यांच्याच बोलीत. प्रस्थापितांच्या प्रमाण भाषेला हे रोकडे उत्तर होते.

तरी मालकीचा प्रश्न उरतोच. परवाना संस्थेच्या नावे निघतो, आणि आमच्या राहात्याकडे ‘संस्था’ म्हणजे कोण, हे वाचकांना सांगायला नको. शिवाय सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्यास बंदी आहे; आकाशवाणीच्या तेवढ्या पुन्हा ऐकवाव्यात. बाजरीवर बोला, बहिष्कारावर नको! आमच्याच तालुक्यात, शिर्डीत, मे 2015मध्ये मोबाइलवर बाबासाहेबांचे गाणे वाजल्याच्या वादातून एका दलित तरुणाचा खून झाला. शेजारी असे केंद्र असते, तरी ही बातमी त्याला स्वतः देता आली नसती.