जाळीआडचा खेळ : क्रीडाछायाचित्रणातील एका तंत्राची चिकित्सा

खेळाचे छायाचित्र पाहताना चेंडू, फलंदाज व त्याचा आवेश यांवर दृष्टी खिळते. छायाचित्रकार कोठे उभा होता, हा प्रश्न सहसा पडत नाही. मोठ्या स्टेडियममध्ये मान्यताप्राप्त छायाचित्रकारास सीमारेषेलगत जागा मिळते. तारकर्ली-मालवण परिसरात टेनिस बॉल क्रिकेटचे सामने टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला मात्र मैदानाभोवती जाळी असेल तर तिच्या बाहेरूनच काम करावे लागते. ही जाळी चित्रातून नाहीशी करणे हेच त्याच्या कौशल्याचे गमक मानले जाते. या समजुतीची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

तंत्र मुळात सोपे आहे. २०० मिलिमीटरची लेन्स एफ/२.८ वर उघडली असता तिच्या छिद्राचा व्यास सुमारे ७१ मिलिमीटर होतो. अडीच मिलिमीटर जाडीची तार भिंगाला लगटून असेल, तर ती त्या छिद्राचा जेमतेम चार-पाच टक्के भाग अडविते. उरलेला प्रकाश तिच्या दोन्ही बाजूंनी आत येतो व तार विरून जाते. तेच छिद्र एफ/१६ वर साडेबारा मिलिमीटरचे होते आणि तीच तार जवळपास चौथा हिस्सा व्यापते. म्हणून छिद्र मोठे ठेवावे, जाळीला भिडून उभे राहावे, खेळाडू जाळीपासून दूर असताना टिपावा, असे सांगितले जाते. जाळीवर थेट ऊन पडले असेल तर एवढ्यानेही भागत नाही. विरलेली तार पांढुरक्या धुरकटपणाच्या रूपाने चित्रभर पसरते, काळ्या रंगाचा काळेपणा उणावतो, आणि पार्श्वभूमीतील दिव्यांच्या वर्तुळांत तिचे चौकडे उमटतात. तात्पर्य, तार दिसेनाशी होते. ती जात नाही.

येथे तारकर्लीच्या किनाऱ्यावरील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. रापण ओढली जात असताना छायाचित्र घेणारा पर्यटक जाळे पुसण्याचा विचारही करीत नाही. होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेले जाळे किनाऱ्यावरून ओढणारी माणसे व ते जाळे, दोन्ही मिळूनच ते चित्र होते. मैदानाभोवतीचे जाळे मात्र अडथळा ठरते. वस्तुतः दोन्ही ठिकाणी जाळे हा प्रसंगाचाच घटक आहे. मैदानावरील जाळे चेंडू अडविते, त्याचबरोबर आत कोण आणि बाहेर कोण हेही ठरविते. ते पुसणारे छायाचित्र बाहेरच्या माणसाला आत उभे असल्याचा आभास देते.

हा मुद्दा किती गंभीर होऊ शकतो, हे १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे हिल्सबरो मैदानावर झालेल्या दुर्घटनेवरून दिसून येते. तारेच्या कुंपणाआड चेंगरून अखेर ९७ प्रेक्षकांचा मृत्यू ओढवला. जाळीवर दाबले गेलेले चेहरे दाखविणाऱ्या त्या दिवशीच्या छायाचित्रांत तार हाच पुरावा होता. १९९० च्या टेलर अहवालानंतर तेथील मैदानांवरील अशी कुंपणे हटविण्यात आली.

तथापि, प्रत्येक छायाचित्रात जाळी राखावी असा आग्रह धरणे म्हणजे दुसरे टोक गाठणे होय. षटकार मारणाऱ्या फलंदाजाच्या डोळ्यांपुढे जाळी नसते. त्याचा अनुभव टिपावयाचा असेल तर ती विरविणे प्रामाणिकच आहे. गावच्या खेळाडूला आयुष्यात आपले असे एखादेच चित्र मिळते, हेही टीकाकाराने विसरू नये. प्रश्न उरतो तो संगणकावर तार पुसण्याचा. भिंगाने विरविलेल्या तारेमागे प्रत्यक्षातला प्रकाश असतो. संगणकावर गोलंदाजाच्या मनगटावरील तार पुसली, तर तेथे दिसणारा मनगटाचा भाग यंत्राने रचलेला असतो. वृत्तपत्रीय छायाचित्रात ते ग्राह्य धरता येणार नाही. खेळाडूच्या घरच्या भिंतीवरील चित्रात चालावे की नाही, हे त्या खेळाडूनेच ठरवावयाचे आहे.